दोनशे आठ की दोनशे चाळीस?

३ मार्च, सोमवार

लॉगबुकात मनातलं लिहिता येत नाही म्हणून ही वही. लॉगबुकात आज एवढंच लिहिलंय : "११.४०, नव्या हॉलसंबंधी बैठक." प्रत्यक्षात बैठकीत मी पेन टेबलाखाली धरून त्याचं टोपण काढत-लावत बसले होते, कुणाला दिसू नये म्हणून.

साहेब म्हणाले, "नव्या हॉलमधल्या रॅकना किती व्होल्टनं वीज द्यायची, ते मॅडम ठरवतील."

मॅडम म्हणजे मी. आधी मीच मागे वळून पाहिलं. बाहेरून नेमलेल्या सल्लागारांना एकदम खोकला आला.

या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रॅकनी भरलेल्या हॉलांत, मी तेरा वर्षं विजेचं काम बघते. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी मी चुकीचा ब्रेकर पाडला आणि अर्धा हॉल चार मिनिटं बंद पडला. चारच मिनिटं, पण तेव्हापासून मी अंधारबाई. तोंडावर कुणी म्हणत नाही, दार लोटलं की म्हणतात, आणि आमची दारं पातळ आहेत. त्यानंतर माझ्याकडे आलं ते बॅटऱ्या पुसणं, पॅनेलवरच्या चिठ्ठ्या बदलणं, दर महिन्याला तेच तक्ते भरणं. निर्णय एकही नाही. पाच वर्षांत एकसुद्धा नाही.

आणि आता हा. साहेबांनी शेपूट लावलंच, "चाचणी घ्या. जमलं तर तुमचं. फसलं तर जुन्या पद्धतीनं जाऊ, सल्लागार सांगतील तसं." फसलं तर मी परत बॅटऱ्या पुसायला, आणि या वेळी कायमची. हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

५ मार्च, बुधवार

नवऱ्यानं विचारलं, "नक्की ठरवायचंय काय?" तो बेकरी चालवतो, विजेच्या भट्टीची. आम्ही बेकरीच्या वरच राहतो, त्यामुळे आमच्या उशांनाही पावाचा वास येतो.

त्याला सांगितलं ते असं. वीज म्हणजे पाणी वाहून नेणं धर. व्होल्ट म्हणजे बादली केवढी, अँपिअर म्हणजे खेपा किती. बादली लहान घेतली तर खेपा जास्त, आणि खेपा जास्त झाल्या की वाट तापते. वाट म्हणजे तार. आमच्या जुन्या हॉलांत सर्व्हरला दोनशे आठ व्होल्ट मिळतात. त्यासाठी प्रत्येक हॉलच्या तोंडाशी कपाटाएवढा एक मधला ट्रान्सफॉर्मर बसवलाय, व्होल्ट उतरवायला. तो रात्रंदिवस घूं घूं करत तापतो आणि त्याची उष्णता काढायला आम्ही वेगळी थंडगार हवा सोडतो. म्हणजे आपणच तापवायचं आणि आपणच फुंकर घालायची! माझं म्हणणं, हा मधला गडी काढूनच टाका. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून थेट दोनशे चाळीस व्होल्ट रॅकला द्या. सर्व्हरवर लिहिलेलंच असतं, दोनशे ते दोनशे चाळीस चालेल.

"मग द्या की," तो म्हणाला. "अडलंय कुठे?"

अडलंय मामांपाशी. मामा म्हणजे आमचे फोरमन, सगळ्यांचेच मामा. ते म्हणतात, "दोनशे आठनं कुणाचं काय वाईट केलंय?" आणि खरंच कुणाचं काही वाईट केलेलं नाही.

९ मार्च, रविवार

आज सकाळी पुन्हा पाव करपले. चार ट्रे. रविवारी गिऱ्हाईक जास्त आणि रविवारीच हा माणूस रेडिओ लावून तंद्रीत. मी स्पष्टच बोलले, "आठवडाभर नीट भाजतोस, रविवारीच कसं काय करपतं? लक्ष कुठे असतं तुझं?"

तो म्हणाला, "लक्ष आहे गं."

"मग नाक तरी असू दे."

त्यावर तो करपलेला भाग सुरीनं खरवडत बसला. जरा जास्तच बोलले का मी? असेल. पण मी कामावर एक ब्रेकर चुकले तर पाच वर्षं ऐकतेय, यानं चार ट्रे जाळले तर एवढं तरी ऐकावं.

१८ मार्च, मंगळवार

चालू! चाचणीची ओळ चालू झाली! सहा रॅक, आत गिऱ्हाइकांचं काही नाही, नुसते जुने सर्व्हर आणि त्यांना दमवणारा एक प्रोग्राम. मधला ट्रान्सफॉर्मर नाही, मोठ्यापासून थेट तार. मीटरवर दोनशे बेचाळीस. पोलादाच्या मिलचा सकाळचा भोंगा वाजल्यापासून दिवसभर बघत होते, कधी एकेचाळीस, कधी त्रेचाळीस, गुणी पोरासारखं.

मामांनी नवी तार हातात घेऊन बोटांत फिरवली. जुनीपेक्षा चांगलीच बारीक आहे. म्हणाले, "एवढ्याशा तारेतून एवढं सगळं जाणार?"

"खेपा कमी ना, मामा."

"बघ बाई," म्हणाले आणि तार हळूच खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

२२ मार्च, शनिवार

सल्लागार येऊन आकडे पाहून गेले. एकही खोट निघाली नाही. माणूस इतका हिरमुसला की मीच त्यांना चहा मागवला. दुपारी दोनला नेहमीप्रमाणे सुटताना चाचणीची ओळ बंद केली आणि घरी आले. रविवारी लक्ष ठेवायला माणूस नसतो, उगाच कशाला चालू ठेवा.

२३ मार्च, रविवार

पुन्हा करपले. आज मात्र तो स्वतःहून वाद घालायला आला. म्हणाला, "अगं, रविवारी वीज जास्त येते. तुझ्या विजेतच काहीतरी आहे."

मी हसले. तेरा वर्षं वीज शिकले नाही, जगले, आणि हा मला सांगतो वीज जास्त येते! म्हटलं, "वीज जास्त येत नसते, लक्ष कमी असतं."

त्यानं फळीवरचा खडू उचलला, भट्टीच्या दारावर काहीतरी खरडलं आणि पीठ मळायला गेला. रुसला असावा. दोन दिवसांत निवळेल.

२८ मार्च, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "आकडे चांगले आहेत. पण हॉल काही शनिवारी दुपारी घरी जात नाही. एक अख्खा आठवडा सलग चालवून दाखवा, रविवारसकट."

रास्त आहे. माझ्या डोक्यात हे आधीच यायला हवं होतं, तेवढंच खटकलं. असो. ओळ चालू ठेवून आले. उद्या-परवा काही होणार नाही, सोमवारी पेढे. मनातल्या मनात मी सहीसुद्धा गिरवून पाहिली.

३० मार्च, रविवार

सकाळी सहा दहाला पहिला रॅक गेला. सहा बाराला दुसरा.

फोन आला तेव्हा मी दात घासत होते. तशीच धावले. पोचेपर्यंत चार रॅक बंद, उरलेल्या दोघांचे लाल दिवे लुकलुकत होते. गिऱ्हाइकाचं एक अक्षर हललं नाही, पण त्यानं काय होतं? पहारेकऱ्यानं वहीत माझं नाव लिहिताना शेजारच्याला हळूच विचारलं, "अंधारबाईच ना या?" बिचारा नवीन आहे. त्याला वाटलं तेच माझं आडनाव.

घरी येऊन रडले. नवऱ्यानं चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिला. त्याच्या अंगाला करपट वास येत होता, आणि या वेळी मी त्याच्याच खांद्यावर डोकं टेकलं.

३१ मार्च, सोमवार

सल्लागार "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा म्हणाला. साहेबांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली : कारण सापडलं तर बोलू, नाहीतर दोनशे आठ.

२ एप्रिल, बुधवार

मीटरच्या नोंदी काढल्या. रविवारी पहाटेपासून व्होल्ट चढत गेले आणि सहा दहाला दोनशे सहासष्ट. सर्व्हरचा पॉवर सप्लाय दोनशे चौसष्टपर्यंत कसाबसा सोसतो, पुढे स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे सर्व्हर शहाण्यासारखे वागले. पण दोनशे बेचाळीसचे दोनशे सहासष्ट झाले कसे? मीटर तपासला. दुसरा लावला. सगळे जोड आवळून पाहिले. आज पुन्हा बेचाळीस, साळसूद!

एक गोष्ट मात्र कळली. जुन्या हॉलांत त्याच वेळी दोनशे आठचे दोनशे तीस झाले होते, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दोनशे आठला वर भरपूर जागा आहे. माझे दोनशे चाळीस आधीच छताला टेकलेत.

मग मामांचंच बरोबर? आज पहिल्यांदा असं वाटलं. फार वाईट वाटलं.

६ एप्रिल, रविवार

हात अजून पिठाचे आहेत. वहीला लागू दे.

पहाटे जाग आली ती आलीच. उद्याची बैठक छातीवर बसली होती. म्हटलं, वर तळमळण्यापेक्षा खाली जाऊन पावांना हात लावू. नवरा भट्टीसमोर उभा, रेडिओ बंद, एका हातात घड्याळ. इकडे तिकडे बघत नव्हता. बावीस मिनिटं झाली, त्यानं दार उघडलं, ट्रे ओढला. पाव काळे.

मी समोर उभी होते. त्याची काही म्हणजे काही चूक नव्हती.

"बघितलंस?" तो म्हणाला. नुसतं एवढंच. आणि भट्टीच्या दाराकडे बोट केलं.

दारावर खडूनं दोन आठवड्यांच्या नोंदी. रोजची तारीख, रोजची बावीस मिनिटं. सोमवार चांगला, मंगळवार चांगला, शनिवार चांगला, रविवार करपला. पुन्हा सोमवार चांगला. "तू म्हणालीस लक्ष नसतं," तो म्हणाला, "म्हणून लिहून ठेवलं. मलाही वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले. मग उठून पिशवीतला मीटर आणला आणि भट्टीच्या सॉकेटला लावला. रोजच्यापेक्षा दहा टक्के जास्त! व्होल्ट दहा टक्के वाढले की भट्टीची आच वीस टक्क्यांहून जास्त वाढते. पाव करपणार नाहीत तर काय होईल?

"रविवारी काय वेगळं असतं रे?" मी ओरडलेच.

तो म्हणाला, "भोंगा नसतो."

पोलादाच्या मिलचा भोंगा! मिल रविवारी बंद. आठवडाभर मिलची भट्टी वीज ओढते म्हणून सगळ्यांचे व्होल्ट दबलेले असतात, रविवारी ती सुटली की वर येतात. बेकरी, मिल आणि आमचं डेटा सेंटर, तिघं एकाच सबस्टेशनवर. मी रोज त्या भोंग्यावर घड्याळ लावते, आणि न वाजलेला भोंगा मला कधी ऐकू आला नाही.

त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "अगं, ट्रे, ट्रे!" दुसरा ट्रेही करपला. करपू दे.

मग माफी मागितली. नीट, शब्दांत. त्यानं खडू माझ्या हातात देऊन सांगितलं, "लिही. लक्ष होतं." मी दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं. ते तो पुसणार नाहीये.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी सातलाच मामांना गाठलं. म्हटलं, मिलनं दहा टक्के समजले, पण दोनशे सहासष्ट तरीही जास्त होतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघू या. टॅप म्हणजे त्याच्या अंगावरची एक चकती. पाच खाचा, प्रत्येक खाचेला व्होल्ट थोडे वर किंवा खाली. खाच असायला हवी तिसरी.

मामांनी झाकण उघडलं. चकती पाचवर. आणि आत एक पिवळी पडलेली चिठ्ठी : "टॅप ५. तात्पुरते."

अक्षर माझं.

मामा चष्मा पुसत म्हणाले, "मिलची नवी भट्टी आली ते साल. व्होल्ट पडायचे, आपले हवा थंड करणारे कंप्रेसर बंद पडायचे. मी वाढवला टॅप आणि तुला म्हटलं, चिठ्ठी लाव, महिन्याभरात खाली आणू." मला नोकरीला वर्षही झालं नव्हतं. म्हणजे बारा वर्षं! मधल्या काळात वीज मंडळानं नवी लाइन टाकली, व्होल्ट सुधारले, आणि आमचं तात्पुरतं तिथेच. मी गावभर चिठ्ठ्या लावत फिरते, आणि माझ्या पहिल्याच चिठ्ठीवर तारीख नाही.

आम्ही दोघं हसायला लागलो ते थांबेचना. मग मामांनी डोळे पुसले. म्हणाले, "हे बैठकीत सांगायचं?"

"अक्षर माझं आहे, मामा. मी सांगते."

बैठकीत मी उभी राहिले. पेन टेबलावर होतं. म्हटलं, दोनशे आठ नको आणि दोनशे चाळीसही नको. दोनशे तीस. सर्व्हर एकशे ऐंशी ते दोनशे चौसष्ट सोसतात. नव्या हॉलचा ट्रान्सफॉर्मर दोनशे तीसचा मागवू, टॅप मधल्या खाचेत ठेवू. मिल चालू असताना दोनशे बावीस मिळतील, रविवारी दोनशे चव्वेचाळीस. दोन्हीकडे ऐसपैस जागा. मधला ट्रान्सफॉर्मर नाही, त्याची उष्णता नाही, तार बारीक. मग चिठ्ठी पुढे केली आणि सांगितलं, हे अक्षर माझं.

तेवढ्यात मामा उठले. चाळीस माणसांसमोर कधी बोलले नाहीत ते मामा. म्हणाले, "अक्षर तिचं. टॅप फिरवणारा हात माझा. आणि साहेब, दोनशे आठच बरं असं मीच म्हणत होतो. आता म्हणत नाही."

सल्लागारांनी माझा कागद ओढून घेतला, बराच वेळ आकडे जुळवत बसले. मग म्हणाले, "मी एवढ्या ठिकाणी मोजमापं घेतली, पण रविवारी कधीच घेतली नाहीत." हे त्यांना बोलायची गरज नव्हती. माणूस वाईट नाही.

साहेबांनी विचारलं, "रविवारचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बेकरीवाल्यानं."

"कोण बेकरीवाला?"

"माझा नवरा. दोन आठवडे रोज नोंदी ठेवल्यात त्यानं. भट्टीच्या दारावर."

साहेब हसले, पण सही केली. अट एकच : हॉल भरला की एका रविवारी पहाटे पूर्ण भारावर चालवून दाखवायचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मधले महिने लिहायला हात मोकळा नव्हता. ट्रान्सफॉर्मर आला, बसला. जुन्याचा टॅपही उतरवला. आज नव्याच्या झाकणाआत चिठ्ठी लावली : "टॅप ३. कायमचे." खाली तारीख, माझी सही, मामांची सही. मामांनी बोट ठेवून दोनदा वाचली आणि विचारलं, "कायमचे म्हणजे किती दिवस?" दुष्ट म्हातारा.

१४ सप्टेंबर, रविवार

पहाटे साडेचारला हॉलमध्ये. साहेब, सल्लागार, मामा, मी. रॅक भरलेले, सगळे सर्व्हर पूर्ण भारावर. पाचला दोनशे छत्तीस. साडेपाचला एकेचाळीस. सहाला दोनशे चव्वेचाळीस. सहा दहा. तेच घड्याळ, तेच मिनिट. चव्वेचाळीस. सहा बारा. चव्वेचाळीस. हिरवे दिवे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही लुकलुकला नाही.

सात वाजेपर्यंत काहीच झालं नाही. असं सुंदर काहीच मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तरी सल्लागारांना शंका. "आज व्होल्ट खरंच चढले होते ना? की मीटरच नवीन म्हणून..." साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात पहारेकऱ्याचा फोन : खाली एक गृहस्थ ट्रे घेऊन आलेत.

नवरा. दोन ट्रे. एकात सोनेरी पाव, एकोणीस मिनिटांचे. रविवारी आता तो एकोणीसलाच काढतो. दुसऱ्यात एकच पाव, कोळशासारखा.

"हा मुद्दाम बावीस मिनिटं ठेवला," तो साहेबांना म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला पुरावा लागेल."

सल्लागारांनी तो काळा पाव उचलला, उलटसुलट पाहिला, आणि इतके जोरात हसले की त्यांचा खोकला परतला. साहेबांनी हॉलच्या कागदावर शेवटची सही केली. मग पहारेकऱ्यानं वही पुढे केली, बाहेर पडायची वेळ लिहायला, आणि विचारलं, "मॅडम, तुमचं आडनाव नक्की काय? मी आधी चुकीचं लिहिलं होतं म्हणतात."

मी सांगितलं. त्यानं जुनं खोडून नीट लिहिलं.

सोनेरी पाव सगळ्यांनी खाल्ले. काळा मी आणि मामांनी वाटून खाल्ला, चहात बुडवून, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मामा म्हणाले, "कडू आहे गं." मी म्हटलं, "अजिबात नाही."